नागोठण्याच्या पुलावरची सकाळ

१

“रोह्यात अशी चोरी अजून व्हायचीय, जी हैबतरावच्या नजरेतून सुटेल,” असं हैबतराव म्हणाले आणि त्यांचा डावा पाय फोटो धुवायच्या हायपोच्या ट्रेमध्ये गेला.

ट्रे चांगला मोठा होता, पांढराशुभ्र होता आणि खोलीत दिवा चालू होता.

“बूट काढा आधी,” मुनीरा म्हणाली. “त्या पाण्यात फिल्मवरची चांदी विरघळते. तुमचा मोजा किती टिकणार?”

“मुद्दाम घातला,” हैबतराव म्हणाले. “गुन्ह्याच्या जागी आधी पाण्याची खोली बघायची असते.”

हैबतराव एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर होते. आता रिटायर होऊन वरसेला राहतात आणि कुणी बोलावलं नाही तरी तपासाला जातात. त्यांच्या काळात कंपनीतून एक नटबोल्ट बाहेर गेला नाही, असं ते सांगतात. एकदा अख्खा वजनकाटा गेला होता, पण तो विषय ते काढत नाहीत.

आज मात्र त्यांना खरंच बोलावलं होतं. सुलेमानभाई एवढे संतापले होते की ते कुणालाही बोलावतील.

सुलेमानभाई म्हणजे रोलच्या कॅमेऱ्यावाले. रोह्यात आता ते एकटेच उरलेत. घरामागच्या जुन्या न्हाणीला काळा रंग फासून त्यांनी डार्करूम केलीय. तिथे दोरीवर, कपड्याच्या चिमट्याला, एक फिल्म वाळत लटकत होती. आज सकाळी ते मासळी बाजारात गेले, त्यांची बायको मुनीरा शेजारी पापड लाटायला गेली, तेवढ्यात कुणीतरी आत शिरलं आणि फिल्मचं खालचं टोक कात्रीने कापून नेलं. शेवटच्या फोटोचं टोक.

“अख्खी नेली असती तर मी गप बसलो असतो!” सुलेमानभाई ओरडले. “बाकीचे सगळे ठेवलेन. माझ्या बकरीचा फोटो ठेवलान! आणि नेमका तोच नेलान.”

“त्यात होतं काय?”

“पेणच्या वत्सलातायचा शेवटचा डोळा.”

“खून?” हैबतराव किंचाळले आणि त्यांचा उजवा पायही ट्रेमध्ये गेला.

२

खून नव्हता. पेणला गणपतीचे डोळे रंगवतात त्याला आखणी म्हणतात, आणि आखणी वत्सलाबाईंनीच करावी असं निम्मं पेण मानतं. त्यांनी आखलेला गणपती कुठूनही बघा, तो तुमच्याकडेच बघतो. तुम्ही खोटं बोलत असलात तर जरा जास्तच बघतो.

पण हिवाळ्यापासून बाईंचा हात कापायला लागला. मे महिन्यात परदेशी जाणारे गणपती रंगायचे होते. उजवं मनगट डाव्या हातात गच्च धरून त्यांनी तेवढे पार पाडले, शेवटच्या गणपतीचा शेवटचा डोळा आखला आणि ब्रश भाच्याच्या हातात दिला. आता परत नाही.

सुलेमानभाई तेव्हा कारखान्याच्या कोपऱ्यात बसून होते. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता.

“मग फ्लॅश मारायचा आणि मोकळं व्हायचं,” हैबतराव पाय पुसत म्हणाले.

“फ्लॅश? ती काय चोराला पकडायची बॅटरी हाय?” सुलेमानभाईंचा आवाज चढला. “एक कौल सरकलंय, तिथनं ऊन आत येतं. ते भिंतीवरनं उतरत उतरत तायच्या हातावर येईपर्यंत मी दम धरून बसलो. हात उजेडात, तोंड अर्धं काळोखात, आणि हाताची सावली गणपतीच्या गालावर. सावली गालाला टेकली आणि मी बटण दाबलं. हल्लीच्या पोरांना सावली म्हणजे डाग वाटतो. पुसून टाकतात. मग माणसाला नाक राहत नाय!”

“हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?”

“कोणाला नाय.”

“कालच्याला अख्ख्या बाजाराला सांगितलान,” मुनीरा म्हणाली. “सुरमई कापणारीनं सुरी खाली ठेवून ऐकलं.”

एवढ्यात दारात रिक्षा थांबली. वत्सलाबाई पेणहून एसटीने आल्या होत्या. मागोमाग भाचा ऋत्विक, हातात आत्याची पिशवी.

“कुठाय तो मेला?” बाईंनी दारातूनच विचारलं. “चाळीस वर्षं लोक माझ्या कारखान्यात फोटो काढायला येतात. पेपरवाले येतात, टीव्हीवाले येतात. आणि सगळे मला काय म्हणतात? मावशी, जरा बाजूला व्हा, गणपती झाकला जातोय. चाळीस वर्षं मी बाजूला झाले! एकटा हा माणूस म्हणाला, ताय, हलू नका. आणि तोच फोटो चोरीला जातो?”

बाईंनी भाच्याच्या हातातली पिशवी ओढून खाली आपटली.

“काम करतानाचा माझा एक फोटो नाय घरात. एक! हात गेला, आता दुसरा निघायचा पण नाय. मला तो पायजे, हैबतराव. चोराचं काय करायचं ते तुम्ही बघा.”

हैबतरावांनी दोरीवरच्या फिल्मकडे पाहिलं, मग अंगणाकडे बोट केलं.

“चोर घरातलाच आहे. तो बघा, अंघोळ करून पुरावा नष्ट करतोय!”

३

अंगणात नळाखाली नावेद बसला होता, सुलेमानभाईंचा पुतण्या. दोहाहून सुट्टीवर आलेला आणि आल्या दिवसापासून चिडलेला.

“मी चोर?” तो साबणाच्या फेसासकट उभा राहिला. “घरात न्हाणी हाय आणि मी अंगणात अंघोळ करतो, रस्त्यावरनं बाया जातायत. का? तर चाचाची फिल्म आत वाळतेय! तिथे गिझर बसवा म्हणून महिनाभर सांगतोय.”

“म्हणजे हेतू कबूल!” हैबतराव म्हणाले.

“हेतू कबूल. पण सकाळी मी वरसेला फ्लॅट बघायला गेलेलो. लिफ्टमध्ये अडकलो.”

“कुणी पाहिलं?”

“पाहिलं नाय, ऐकलं. अख्ख्या बिल्डिंगनं.”

हैबतरावांनी फोन लावला. ते त्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांच्या बायकोने सांगितलं की सकाळी लिफ्टमधून कुणीतरी खूप वेळ ओरडत होतं, आणि तुम्हीच म्हणालात की मांजर असेल, लक्ष देऊ नकोस.

हैबतरावांनी फोन ठेवला आणि ऋत्विककडे वळले. “तू! तुला हा फोटो नको होता.”

“नकोच होता,” ऋत्विक म्हणाला. “वेबसाइटवर गिऱ्हाइकाला गणपती दिसला पायजे. आत्याची फाटकी साडी दिसून काय उपयोग?”

“फाटकी?” वत्सलाबाई गरजल्या. “ती रंगकामाची साडी हाय! तुझ्या बारशाला घेतलेली!”

“सकाळी कुठे होतास?”

“कारखान्यात. आत्यासमोर.”

“व्हय,” बाईंनी कबूल केलं. “अस्तराचा रंग पातळ कालवलान म्हणून सकाळभर शिव्या देत होते. पाणी प्यायला पण थांबले नाय. तिथनं तो हलला असता तर मला कळलं असतं.”

दोन संशयित, दोघेही सुटले. हैबतराव घाम पुसत परत दोरीपाशी आले. चष्मा काढला, पुसला, घातला. आणि फिल्मच्या कापलेल्या टोकाला जवळजवळ नाक लावलं.

“सुलेमानभाई, हे कापलंय कुठे बघा.”

दोन फोटोंच्या मधे केसाएवढी पट्टी असते. कात्री बरोबर त्या पट्टीतून गेली होती. वरच्या बकरीच्या शेपटीलाही धक्का नव्हता.

“अडाणी माणसानं कुठेही कापलं असतं,” हैबतराव हळूच म्हणाले. “निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. फोटो कुठे संपतो हे नावेदला कळणार नाही, ऋत्विकला कळणार नाही. मला तर बकरीसुद्धा कळली नव्हती. हे हात शिकलेले आहेत. रोह्यात असं कापायला कुणाला येतं?”

सुलेमानभाईंचा चेहरा पडला.

“मला येतं,” ते म्हणाले. “आणि ज्याला मी शिकवलं, त्याला.”

भिंतीपलीकडून दणदणीत आवाजात कुणीतरी म्हणत होतं, “हसू नका, पासपोर्टचा आहे!”

४

भिंतीपलीकडे यज्ञेशचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, वाढदिवसाचे फ्लेक्स. तिथे काढलेल्या फोटोत सगळी माणसं सारखीच गोरी दिसतात. एकदा एका गृहस्थाने चुकून दुसऱ्याचेच पासपोर्ट फोटो नेले आणि फॉर्मला लावले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पण यंदा पेणच्या हॉलमध्ये फक्त रोलवर काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरणार असं जाहीर झालं होतं, पहिल्या नंबराला मोठा मान. तेव्हापासून यज्ञेश सुलेमानभाईंकडे शिकायला येत होता. स्टुडिओच्या संडासात त्याने स्वतःची डार्करूमही केली होती. गिऱ्हाइकं तेव्हापासून समोरच्या हॉटेलात जातात.

“चाचा, माझ्यावर संशय?” यज्ञेशने कानाला हात लावले. “मी तर तुमचा शिष्य. सकाळी मी रोह्यात नव्हतोच. उजाडायच्या आत बाइक काढली आणि नागोठण्याला गेलो.”

“कशाला?”

“पुलावर गणपतीचा टेम्पो बंद पडलेला ना! काल दुपारनंतर पडला तो, आज दुपारी क्रेननं उचलला. सकाळचं कोवळं ऊन, टेम्पोत कच्च्या पांढऱ्या मूर्ती, बाजूला मी. पेणच्या बाजूला कॅमेरा ठेवून, टायमर लावून काढला. लगेच येऊन धुतला, प्रिंट काढली आणि दुपारीच पेणला नेऊन लावली. ‘नागोठण्याच्या पुलावरची सकाळ’. जाऊन बघा, सावल्या बघा. काका, मोबाइलच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, पण रोल खोटं बोलत नाय.”

मुद्दा बिनतोड होता. टेम्पो पुलावर एकच संध्याकाळ आणि एकच सकाळ होता. फोटोत सकाळचं ऊन असेल तर यज्ञेश चोरीच्या वेळी नागोठण्यालाच होता.

“बघतोच,” हैबतराव म्हणाले.

सगळे नावेदने भाड्याने आणलेल्या गाडीत कोंबून बसले. यज्ञेश स्वतःहून पुढच्या सीटवर बसला. निर्दोष माणसासारखा. पुलावर हैबतरावांनी गाडी थांबवली, पेणकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. मागचा ट्रक जीव खाऊन हॉर्न वाजवत होता.

“इथे पेणला पाठ केली की सकाळी सूर्य डाव्या हाताला,” ते म्हणाले. “संध्याकाळी उजव्या. लक्षात ठेवा.”

हॉलमध्ये यज्ञेशचा फोटो मधोमध टांगलेला होता, जाड चौकट, पुढे काच. टेम्पोची उघडी पाठ, मागचा फाळका नंबरप्लेटवर खाली टाकलेला, आत गवतात बसवलेले गणपती, शेजारी हाताची घडी घातलेला यज्ञेश. पलीकडे पुलाचे दोन सारखे कठडे आणि पांढरं आभाळ.

ऊन डावीकडून येत होतं. सावल्या लांबलचक उजवीकडे पडल्या होत्या.

सकाळ.

हैबतरावांचे खांदे खाली आले. सुलेमानभाईंनी यज्ञेशच्या पाठीवर हात ठेवला. “माफ कर बाबा,” ते म्हणाले.

तेवढ्यात वत्सलाबाईंनी अशी काही किंकाळी फोडली की हॉलचा वॉचमन आत धावला.

५

“हे कुणी केलं?” बाईंचं बोट काचेवर होतं. “अरे, हे सगळे उजव्या सोंडेचे!”

सगळे काचेला नाक लावून बघायला लागले. खरंच. टेम्पोतल्या एकूणएक गणपतीची सोंड देवाच्या उजव्या हाताकडे वळली होती.

“एवढे?” बाई म्हणाल्या. “उजव्या सोंडेचा कडक असतो! त्याचं सोवळं पाळायला घर तयार व्हावं लागतं. वर्षाला कुणी मागितलाच तर एखादा करतो आम्ही, दहा वेळा विचारून. आणि हे टेम्पो भरून? गवतात खुपसून? पेणमध्ये असला कारखाना कुणाचा, मला नाव सांगा, मी आत्ता जाते!”

“असा कारखाना नाय, आत्या,” ऋत्विक म्हणाला.

“मग हे गणपती आले कुठनं?”

हैबतराव फोटोपाशी गेले. सूर्य डावीकडे. सोंडा देवाच्या उजवीकडे. मग त्यांचं बोट टेम्पोवर थांबलं.

“टेम्पो रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे?”

“उजव्या,” नावेद म्हणाला.

“म्हणजे राँग साइडला. आणि आपल्यापैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.” हैबतरावांचा आवाज चढत गेला. “का वाटावं? या हायवेवर टेम्पो राँग साइडला नसेल तर लोक थांबून बघतात! पूल दोन्हीकडून सारखा. आभाळ कुठूनही सारखंच. टी-शर्टला खिसा नाही, नंबरप्लेट फाळक्यामागे. या फोटोत उलटसुलट सांगणाऱ्या दोनच गोष्टी. एक टेम्पो, तर तो आपल्याला सरळच वाटला. राहिली सोंड. ऋत्विक, मोबाइलवर ह्याचा फोटो काढ आणि उलटा कर. आरशात दिसतो तसा.”

सुलेमानभाईंनी मोबाइल बघून तोंड वाकडं केलं, पण बघितलं.

ऋत्विकने बोट फिरवलं. गणपतींच्या सोंडा देवाच्या डाव्या हाताकडे वळल्या. टेम्पो मुकाट्याने रस्त्याच्या डाव्या बाजूला गेला. आणि सूर्य उजवीकडे आला, पश्चिमेला.

“संध्याकाळ,” हैबतराव म्हणाले. “कालची. निगेटिव्ह मशीनमध्ये पालथी घालून प्रिंट काढली. संध्याकाळची सकाळ केली. आणि खरी सकाळ झाली तेव्हा हा रोह्यात होता, कात्री घेऊन.”

यज्ञेश एक पाऊल मागे सरला. पण हसला.

“प्रिंट उलटी पडली असेल चुकून. नवीन हाय मी. उलटी प्रिंट म्हणजे चोरी नव्हे ना, काका? निगेटिव्ह कुठाय तुमची? झडती घ्या. स्टुडिओ घ्या, घर घ्या, बाइक घ्या.”

हैबतरावांनी उगाचच चष्मा काढून पुसला.

६

“फोटो घेऊन चला,” मुनीरा म्हणाली आणि खिळ्यावरून चौकट उतरवायला लागली. “घरी नीट बघू.”

“फ्रेमला हात लावू नका!” यज्ञेश ओरडला.

सगळे वळले.

“चोर म्हटलं तेव्हा हसलास,” मुनीरा म्हणाली. “आणि फ्रेमला हात लावला तर रडतोस व्हय?”

तिने चौकट पालथी केली, केसातली पिन काढली आणि मागचा पुठ्ठा उचकटला. पुठ्ठा आणि प्रिंट यांच्या मधून कागदात गुंडाळलेली एक चिंधीएवढी फिल्म बाहेर पडली.

सुलेमानभाईंनी ती कडांना धरून दिव्यासमोर नेली. काळ्या उन्हात एक काळा हात, आणि गणपतीच्या काळ्या गालावर त्या हाताची पांढरी सावली.

“तीच हाय,” ते म्हणाले.  मग यज्ञेशकडे वळले. “माझ्याच फोटोवर स्वतःचा फोटो टांगतोस! जाळली का नाय?”

“काडी पेटवली होती,” यज्ञेश खाली बघत म्हणाला. “हात झाला नाय, चाचा. एवढी चांगली निगेटिव्ह... मला फक्त प्रदर्शन होईपर्यंत लपवायची होती. तुमचा फोटो आला असता तर माझ्याकडे कुणी बघितलं पण नसतं.”

“मग इथे कशाला लपवलीस?” हैबतरावांनी विचारलं.

“माझा फोटो कोण एवढा वेळ बघणार?”

 वत्सलाबाई पुढे झाल्या.

“चोरी केलीस, ते वेगळं. सूर्य फिरवलास, ते पण सोड. पण पेण-रोह्याचा पोरगा, आणि देवाची सोंड फिरली ती तुला दिसली नाय? एवढा प्रकाश शिकलास, मग बघायला कोण शिकणार? तुझा बाप?”

यज्ञेशने कबुली, माफी आणि आपली प्रिंट अशा तिन्ही गोष्टी तिथेच सोडल्या आणि तो एसटीने घरी गेला. प्रदर्शनवाल्यांनी त्याच्या प्रिंटला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. परीक्षकांचं म्हणणं पडलं की सकाळच्या उन्हाचा असा परिणाम त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता. सुलेमानभाईंनी ते ऐकलं आणि आपला फोटो तिथे द्यायचाच नाही असं ठरवलं.

७

त्यांनी प्रिंट मोठी काढली. ट्रेमधल्या पाण्यात कागद हलवता हलवता आधी हाताची सावली आली, मग हात, आणि सगळ्यात शेवटी बाईंच्या तोंडाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा काळोखात ठेवला. दार ठोठावून नावेद अंघोळीला कधी जाऊ विचारत होता.

प्रिंट घेऊन सगळे पेणला कारखान्यात गेले. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. कागद लटलट हलत होता, म्हणून ऋत्विकने तो समोर धरला.

“माझं अर्धं तोंड कुठाय, सुलेमानभाई?”

“सावलीत हाय, ताय.”

“असू दे.”  मग फोटोतल्या हातावर त्यांनी बोट ठेवलं. “हा हात बघ, गो मुनीरा. हलत नाय.”

मुनीराने नाक पुसलं. ऋत्विक म्हणाला, “वेबसाइटवर टाकू या का?”

“वेबसाइट गेली खड्ड्यात. इथे लाव. दारासमोर. गणपती न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी मी दिसले पायजे, मग देव.”

दारासमोरच्या भिंतीलगत फळ्यांवर शाडूचे गणपती वाळत होते, अजून ओले, बिनरंगाचे. त्यांच्या वर जागा रिकामी होती. खिळा कुणी मारायचा यावर थोडी वादावादी झाली. हैबतराव म्हणाले की भिंतीवर बोटाने टकटक केली की त्यांना आतलं सगळं कळतं. त्यांनी टकटक केली, कान लावला, मान हलवली आणि खिळा मारला.

खिळा पाण्याच्या पाइपात गेला. मुख्य नळ कुठे आहे ते ऋत्विकला माहीत नव्हतं. तो सापडेपर्यंत खालच्या तिन्ही फळ्यांवरच्या गणपतींचा परत शाडू झाला. फोटो ऋत्विकच्या हातात होता, तो कोरडा राहिला.